टेलस्टॉकमध्ये अडकलेला दांडा

चिंबोते, ४ एप्रिल १९८६

सिरिलो,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू पत्र न फोडताच परत पाठवशील, म्हणून वरचा पत्ता बायकोकडून, हर्मेलिंडाकडून, लिहून घेतला आहे. तुझा पत्ता तिच्याकडेही नव्हता. तो निघाला आमच्या लेकीकडे, नेलीदाकडे. तू तिचा धर्मपिता, आमचा कंपाद्रे, आणि ती दर नाताळात तुला कार्ड पाठवते, हे मला परवा कळलं. नऊ वर्षं माझ्या घरातून तुला पत्रं जात होती आणि मला पत्ता नाही! बायको म्हणाली, "तू विचारलंस कधी?"

कामाचं लिहितो. आपला, म्हणजे आता माझा, मोठा लेथ बंद पडला आहे. मोटर ठीक, चक ठीक, मागच्या टोकाच्या टेलस्टॉकच्या नळीत ड्रिल धरणाऱ्या चकचा दांडा अडकून बसला आहे. तुला ठाऊकच आहे, हातचाक उलटं फिरवून नळी पुरती आत घेतली की मागच्या स्क्रूचं टोक दांड्याच्या बुडाला लागतं आणि दांडा टप्पकन सुटतो. गेली अठ्ठावीस वर्षं असंच होत आलं. या खेपेला स्क्रू टेकला आणि तिथेच थांबला. मी हातचाकावर पाइप घालून जोर लावला. स्क्रू कुरकुरला, तेव्हा घाबरून सोडला. मग रॉकेलमध्ये भिजवून ठेवलं, पितळी हातोड्याने चहूबाजूंनी ठोकलं, गॅसच्या ज्योतीने तापवलं. शेवटी चक आणि नळीच्या फटीत दोन पाचरी मारल्या. तर चकच दांड्यावरून निसटून माझ्या पायावर पडला. दांडा आहे तिथेच. तीन इंच पोलाद आत, बोटभर बाहेर.

टेलस्टॉकमध्ये दुसरं टोक पेलणारा सेंटर बसत नाही तोवर लांब शाफ्ट फिरवता येत नाही, आणि माझ्याकडे एका बोटीचा पंख्याचा शाफ्ट येऊन पडला आहे, दोन मीटर लांबीचा. मासेमारीची बंदी मे संपता संपता उठेल. त्या दिवशी जी बोट धक्क्याला बांधलेली राहील तिच्या माणसांनी काय खायचं? दुसरा एवढा लेथ मासळीच्या पिठाच्या कारखान्यात आहे, पण ते आधी स्वतःच्या बोटी बघतात. मी टोपी हातात घेऊन जाऊन आलो. जूनमध्ये या म्हणाले.

बोट कोणाची, ते सांगायला हवंच. साबिनोची. हो, तोच. आता त्याची स्वतःची बोट आहे. लाकडी, जुनी, भावाबरोबर अर्ध्या-अर्ध्या भागीत. उजव्या हाताला दोन बोटं उरली तरी जाळं असं विणतो की बघत राहावं.

गेली काही वर्षं हा चक सैल बसायचा, म्हणून मी तो लाकडी हातोडीने ठोकून बसवायचो. कदाचित जरा जास्त ठोकला गेला असेल.

नऊ वर्षांपूर्वी जे झालं ते झालं. त्यात दोघांचंही थोडंथोडं चुकलं असेल. तू असतास तर हे अर्ध्या दिवसात उलगडलं असतंस, एवढं मात्र मी कोणालाही सांगतो. खरं म्हणजे सगळ्यांना सांगतच आलो आहे.

हे पत्र अनाक्लेतो घेऊन येईल. त्याचा ट्रक दर दहा दिवसांनी तुमच्या इलोला जातो आणि ऑलिव्ह भरून परततो. उत्तर द्यायचं असेल तर त्याच्याच हाती दे.

एलिओदोरो


चिंबोते, १५ एप्रिल १९८६

सिरिलो,

तुझं उत्तर मिळालं. "प्रिय" नाही, "कसा आहेस" नाही, सही नाही. वहीच्या फाडलेल्या पानावर पाच ओळी. हर्मेलिंडाने वाचल्या आणि म्हणाली, "कंपाद्रे अगदी तस्साच आहे हो!" आणि अ‍ॅप्रनचं टोक डोळ्याला लावून स्वयंपाकघरात गेली.

पहिली ओळ वाचून मी खुर्चीतून उठलो आणि हातोडा खरंच खाली ठेवला. "हातोडा खाली ठेव." सतराशे किलोमीटरवर बसून तुला कसं कळलं की मी तो हातातच धरून बसलो होतो?

तुझ्या तीन प्रश्नांची उत्तरं देतो.

पहिला : अडकला तेव्हा काय करत होतास? साबिनोच्या शाफ्टची कपलिंग, जाड ओतीव लोखंड, तीस मिलिमीटरचं ड्रिल. पार आत गेल्यावर ड्रिलने माल पकडला. एक किंकाळी ऐकू आली, मी हात मागे घेतला. नंतर बघतो तर दांडा अडकलेला.

दुसरा : मागून बघितलंस का? बघितलं. तू सांगितल्याप्रमाणे स्क्रू आणि हातचाक सोडवून नळी पूर्ण बाहेर काढली. हे मला आधी का सुचलं नाही, विचारू नकोस. मागून दिवा दाखवला तर दांड्याचं बूड स्वच्छ दिसतं. स्क्रूचं टोक नेमकं त्याच्यावरच बसत होतं, म्हणजे दोष स्क्रूचा नाही.

तिसरा : हा दांडा आत पूर्वी कधी फिरला होता का? एवढ्या वर्षांत कितीतरी माणसांनी यंत्र चालवलं. नक्की आठवत नाही. फिरलाही असेल.

अनाक्लेतो तुझ्याविषयी सांगत होता. तो बोलायला लागला की थांबत नाही, तुला माहीत आहे. म्हणाला, "मेस्त्री, त्या माणसाकडे इलोच्या गोदीतले इंजिनिअर टोपी काढून उभे असतात. छप्पर पत्र्याचं, जमीन मातीची, पण हत्यारं भिंतीवर अशी लावलीत जशी चर्चमध्ये चांदीची भांडी! आणि त्याने मला काय विचारलं माहीत आहे? पत्र दिलं, त्याने वाचलं, घडी घातली, आणि विचारलं, 'लेथखालची ती डुगडुगणारी फरशी बसवली का त्याने?' बस, एवढंच."

नाही बसवली. अजून डुगडुगते.

तीन महिन्यांची बंदी उरली असती तर मी इतक्या घाईने लिहिलं नसतं. सहाच आठवडे उरलेत, त्यात शाफ्टलाच दोन लागतील. मागून गज घालून जोरात ठोकू का? कारखान्यातल्या एकाकडे मोठा हायड्रॉलिक प्रेस आहे, तिथे नेऊन दाबून काढू का? एवढं सांग.

एलिओदोरो


चिंबोते, २६ एप्रिल १९८६

सिरिलो,

तुझ्या चिठ्ठीत या खेपेला चारच ओळी. मी त्या पाठ केल्यात.

"तिसऱ्याचं उत्तर आलं नाही. चांगला टेपर, निमुळता दांडा, सैल होत नाही, ठोकून बसवावा लागत नाही. तो सैल झाला म्हणजे आत कधीतरी फिरून भिंत ओरबाडली गेली आणि तिथे गाठ उठली. तसं असेल तर मागून ठोकलंस किंवा प्रेसखाली दाबलंस की ती गाठ नांगरासारखी पुढे जाईल आणि नळी कायमची जाईल. फिरला होता की नाही, एका शब्दात लिही. त्याशिवाय मी काही सांगणार नाही."

चिठ्ठी वाचून मी लेथसमोरच्या स्टुलावर बसलो. हर्मेलिंडाने युकाचा उकडलेला कंद आणि तळलेला मासा आणून ठेवला. तो निवला. ती म्हणाली, "काय लिहिलंय एवढं?" मी म्हटलं, "यंत्राचं." ती म्हणाली, "मग यंत्राचंच उत्तर दे ना. खोटं बोलायला यंत्र काही तुझी बायको आहे का?"

फिरला होता.

एक शब्द मागितला होतास, तो हा. आता बाकीचेही लिहितो. तुला ते ठाऊक आहेत. माझ्या हाताने लिहिलेले मात्र कोणाकडेच नाहीत.

जून १९७७. तू कास्माला आईला माती द्यायला गेला होतास. लेथवर त्या मोठ्या बोटीच्या, जाळ्याचा दोर ओढणाऱ्या विंचचा बुश तू अर्धा करून ठेवला होतास. पहिलं बारीक भोक पाडलेलं, बाजूला खडूने तुझी खूण. दुपारी कप्तान येऊन उभा राहिला. संध्याकाळच्या भरतीला निघायचं आहे म्हणाला. मी म्हटलं, हे काय, झालाच आहे, संध्याकाळी पाठवतो. मोठं ड्रिल बोथट होतं, मी धार लावली नाही. चक नीट पुसून बसवला नाही. जोर लावला. ड्रिलने माल पकडला आणि दांडा नळीत गरकन फिरला. असाच किंचाळला होता, या खेपेला किंचाळला तसाच. जळका वास आला. भोक तिरकं आणि अंडाकृती झालं, हे मला डोळ्यांनी दिसत होतं. मी ते पॉलिश पेपरने घासलं, ग्रीस भरलं आणि दिलं.

चौथ्या दिवशी भर समुद्रात विंच आवळला, मग सुटला. दोर पळाला. साबिनोचा हात त्यात होता.

तू परत आलास तेव्हा धक्क्यावर सगळे मला विचारत होते, बुश कोणी केला. खूण तुझी होती, जाण्याआधी तूच तो पुरा केलास असं त्यांना वाटत होतं. मी काय म्हणालो ते तुझ्या कानावर गेलंच असणार, पण इथे लिहितो. मी म्हणालो, "त्याची आई वारली होती हो, चित्त ठिकाणावर नव्हतं बिचाऱ्याचं." तुझ्या आईचं मरण मी स्वतःसाठी वापरलं. लोकांना ते पटलं. ते दयेने बोलायला लागले, आणि त्या दयेनेच तुझं काम तुटलं. दुःखी माणसाच्या हातचा बुश कोण घेणार?

तू एकदाच विचारलंस, दुकानात, दोघंच असताना. "एलिओदोरो, भोक कोणी पाडलं?" मी म्हणालो, "तूच." शिवी नाही, आरडाओरडा नाही. अ‍ॅप्रन सोडलास, घडी घालून स्टुलावर ठेवलास आणि गेलास. तू मला एक ठोसा मारला असतास तर मी दुसऱ्या दिवशी खरं बोललो असतो, असं मी स्वतःला नऊ वर्षं सांगत आलो. तेही खोटंच असेल.

आधी लिहिलं होतं की दोघांचंही चुकलं असेल. ते वाक्य खोड.

एलिओदोरो


चिंबोते, १२ मे १९८६

सिरिलो,

अनाक्लेतोने ऑलिव्हच्या पोत्याखालून कापडात गुंडाळलेलं पुडकं काढलं आणि म्हणाला, "हे सीटवर ठेव, पायाजवळ नको, असं चार वेळा सांगितलं मला त्याने. बाळ आणलंय की काय?" मी उघडलं. तुझं टेपर रीमर, निमुळतं भोक आतून तासायचं. तेलात भिजवलेल्या चिंधीत, एकेक धार मेणात बुडवलेली. माझ्या नळीच्या भोकाच्याच मापाचं. आपण तरुण असताना लिमाच्या भंगारबाजारात तू ते घासाघीस करून घेतलं होतंस. तेव्हा मी हसलो होतो, की हाताने फिरवायचं रीमर घेऊन काय करणार.

आणि तुझं पत्र. दोन पानं. माझं सगळं वाचून तू काय लिहिलंस? "तिसऱ्याचं उत्तर मिळालं. आता असं कर." आणि पुढे आकृती, अशी की कुणालाही समजेल. एवढ्या मोठ्या गोष्टीवर सहा शब्द! मी शिव्यांची वाट बघत होतो रे. त्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मी आकृती समोर धरून बसलो होतो आणि साबिनो आत आला. तो रोजच येतो, शाफ्टभोवती फिरतो आणि जातो. त्या दिवशी माझ्या खांद्यावरून वाकला.

"कोणी काढलंय हे? छान आहे. तुमचं नाही वाटत."

"नाही."

"मग कोणाचं?"

इथे मी काहीही सांगू शकलो असतो. लिमाचा एक ओळखीचा आहे, म्हटलं असतं की संपलं. मी म्हटलं, "सिरिलोचं."

त्याचा चेहरा बदलला. तुझं नाव निघालं की तो कायम जमिनीवर थुंकतो, दुकानात असेल तर दाराबाहेर जाऊन थुंकतो. तो दाराकडे वळला. मी म्हटलं, "थुंकू नकोस. बस. तुला सांगायचंय." आणि सांगितलं, जसं तुला लिहिलं तसंच. बोथट ड्रिलपासून खडूच्या खुणेपर्यंत.

माझं झाल्यावर त्याने डाव्या हाताने माझ्या कानाखाली ओढली. डाव्या हाताने, लक्षात घे. उजव्याने त्याला मारता येत नाही. मी खाली बसलो. तो वर उभा, श्वास भात्यासारखा चाललेला. म्हणाला, "नऊ वर्षं! नऊ वर्षं मी त्या माणसाला शिव्या देतोय. माझ्या पोरांना शिकवल्यात त्याच्या नावाच्या शिव्या. आणि तुम्ही माझ्या धाकट्याच्या बाप्तिस्म्याला येऊन जेवलात!"

"हो."

"जेवलात!"

"हो."

तो बाहेर गेला. मला वाटलं, संपलं, शाफ्ट उचलून नेईल. हर्मेलिंडाने ओल्या फडक्याने माझा कान पुसला. मग म्हणाली, "मला संशय होता. विचारलं असतं तर खरं ऐकावं लागलं असतं, म्हणून विचारलं नाही. म्हणजे तुझ्या खोट्यात मीही थोडी आहेच." आणि फडकं पिळायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साबिनो दारात. "काढता येईल का तो दांडा?"

"सिरिलो म्हणतो येईल."

"मग मला काय करायचं ते सांगा. तुमच्यासाठी नाही. माझ्या बोटीसाठी."

तर आम्ही दोघांनी केलं. तू लिहिलंस तसंच, अक्षरन् अक्षर. नळी लेथच्याच चकात धरली, तोंडाजवळ आधार लावला. आजारी यंत्रानेच स्वतःचं ऑपरेशन करायचं, ही कल्पना फक्त तुलाच सुचणार. बाहेर आलेलं बोटभर टोक आधी कापून सपाट केलं. ड्रिल सरकत्या कॅरेजवर बांधलं आणि ते मध्यावर आणायलाच सकाळ गेली, कारण तू लिहिलं होतंस की इथे केसभर चुकलास तर पुढचं सगळं चुकेल. मग सहा मिलिमीटर, मग दहा, तेरा, सोळा. साबिनो तेल सोडत होता. दोन बोटांत तेलाची कुपी अशी धरली होती की एक थेंब वाया गेला नाही. मी जरा जोर लावला की म्हणायचा, "हळू, मेस्त्री. घाई कशी महाग पडते ते मला माहीत आहे."

दांड्याची भिंत पातळ झाली. तू लिहिलं होतंस, "आता यंत्र बंद कर आणि जेवायला जा. लोखंडालाही निवायला वेळ लागतो." मी साबिनोला ते वाचून दाखवलं. तो पहिल्यांदा हसला. हर्मेलिंडाने सेविचे, लिंबात मुरवलेला मासा, आणि भाजलेला मका आणला. आम्ही एकाच बाकावर बसून जेवलो.

दुपारी भोकात आटे पाडले. जाड बोल्ट आत घट्ट फिरवला, वरून पाइपचा तुकडा नळीच्या तोंडावर टेकवला, त्यावर वॉशर, त्यावर नट. "ठोकायचं नाही. ओढायचं. पाव वेढा, मग थांब. पुन्हा पाव." अठ्ठावीस वर्षांत हे मला कोणी शिकवलं नव्हतं की थांबणं हीदेखील कामाचीच एक पायरी आहे. तिसऱ्या पाव वेढ्याला नट जड झाला. चौथ्याला मला वाटलं आता आटे सोलले जाणार. मी थांबलो. साबिनो म्हणाला, "तो काय म्हणतो?" मी कागद बघितला. तू लिहिलं होतंस, "चौथ्याला भीती वाटेल. तेव्हा एक सिगारेट ओढ."

मला तुझा अभिमान वाटला, सिरिलो. तुला हे यंत्र दिसत नव्हतं, माझा हात दिसत नव्हता, तरी मला भीती कुठे वाटेल ते तुला ठाऊक होतं.

सिगारेट संपली. पाचवा पाव वेढा अर्धाही झाला नव्हता आणि "टक्" असा आवाज झाला, सुकलेली शेंग फुटावी तसा. दांडा बोटभर पुढे सरकला. मग नट नुसता हाताने फिरत गेला आणि दांडा बाहेर आला, तू म्हटल्याप्रमाणे एका बाजूने आत दबलेला, गाठीपुरता वाकलेला.

साबिनोने बॅटरी घेऊन नळीच्या आत बघितलं. खूप वेळ बघितलं. भिंतीवर दोन चरे होते. एक ताजा, चकचकीत. त्याच्या पलीकडे जुना, काळा पडलेला, गोल फिरलेला. त्याने आपलं एक बोट आत घातलं आणि त्या जुन्या चऱ्यावरून फिरवलं. मग बोट बाहेर काढून पँटला पुसलं आणि विचारलं, "हे साफ होईल?"

मी तुझं रीमर दाखवलं. "चार वेढे. फक्त गाठ उतरवायची, भोक मोठं करायचं नाही. पाचवा दिलास तर मला कळेल." मी चारच दिले, आई शपथ. साबिनोने मोजले. कुठे टेकतो ते कळायला निळा रंग लावून सेंटर घालून बघितला, तीन चतुर्थांश भिंतीला टेकतो. चरा पूर्ण गेला नाही, जाणारही नाही, पण सेंटर घट्ट बसतो आणि हातचाक उलटं फिरवलं की सुटतो. आम्ही दहा वेळा बसवून काढून बघितला, खेळणं मिळाल्यासारखं.

उद्या शाफ्ट चढवतो.

एलिओदोरो


चिंबोते, १ जून १९८६

सिरिलो,

शाफ्ट झाला. दोन मीटरमध्ये केसाच्या निम्म्याचाही फरक नाही. साबिनोने आणि त्याच्या भावाने तो स्वतः बसवला. बंदी परवा उठली आणि पहाटे त्याची बोट रांगेत तिसरी बाहेर पडली. दुपारी परत आली ती पाण्यात खोल बसलेली, वर पेलिकनांचा थवा. इंजिन बंद करून त्याने डेकवरून मला ओरडून सांगितलं, "थरथरत नाही!" शाफ्ट चढवल्यापासून परवापर्यंतचं आमच्यातलं हे सगळ्यात लांब संभाषण होतं.

आता दुसरी गोष्ट. गेल्या रविवारी मच्छीमारांच्या युनियनची सभा होती. डिझेल आणि बर्फाचा विषय संपल्यावर मी हात वर केला. साठ-सत्तर माणसं होती. मी उभा राहून सांगितलं, सत्याहत्तर सालचा बुश माझा होता, सिरिलोचा नव्हता, त्या दिवशी तो गावातही नव्हता. म्हाताऱ्या कप्तानाने, त्याच बोटीच्या, मागून विचारलं, "मग आज का सांगतोस?" मी म्हटलं, "कारण त्या माणसाने मला विचारलं." तो म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, "हो. एकदा पूर्वीही विचारलं होतं. तेव्हा मी खोटं बोललो."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, वाजवाव्या असं त्यात काही नव्हतंही. दोन बोटींनी त्यांचं काम उचलून दुसरीकडे नेलं. ते बरोबरच आहे. कप्तान जाताना माझ्यासमोर थांबला आणि म्हणाला, "त्या माणसाला मी माझ्या डेकवरून हाकलला होता, आठवतं?" मला आठवत होतं. टोपी डोक्यावर ठेवायची सोडून हातातच धरून गेला.

तू परत ये, असं मी लिहिणार नाही. अनाक्लेतोने सांगितलंय की इलोला तुझं बरं चाललंय, दोन माणसं हाताखाली आहेत, संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून कपभर माते-चहा पितोस. ते सोडून कशाला येशील? आलास तर दार उघडंच आहे. नाही आलास तर मी समजेन. हर्मेलिंडाने बरणीभर मिरचीचं लोणचं दिलं आहे. ती म्हणते, कंपाद्रेला दक्षिणेतली मिरची मानवत नसेल.

तुझं रीमर परत पाठवतो आहे. स्वच्छ करून, तेल लावून, मेणात बुडवून. ते सीटवर ठेवायला सांगितलं आहे, पायाजवळ नको.

या खेपेला पत्र अनाक्लेतोच्या हाती नाही, साबिनोच्या हाती आहे. काल तो आला आणि म्हणाला, "ट्रकमध्ये एक जागा आहे. समुद्र चार दिवस भाऊ बघेल." मी विचारलं, तू जाऊन काय बोलणार? म्हणाला, "माहीत नाही. पण नऊ वर्षांच्या शिव्या मी चिठ्ठीत घालून परत घेऊ शकत नाही." त्याच्या बायकोने चांगला शर्ट इस्त्री करून दिला आहे. त्याला दूरच्या प्रवासाची सवय नाही. वाटेत तो सारखा हे पाकीट खिशात आहे ना ते चाचपून बघेल.

आत्ता तू वाचतो आहेस म्हणजे तो समोरच उभा असणार. उजवा हात पाठीमागे घेऊन उभा राहील, अनोळखी माणसांसमोर त्याची ती सवय आहे. आधी त्याला बसायला सांग.

एलिओदोरो